वाडा उभा आहे तोवर : वाइड अँगल टेक्निकल कॅमेरा निवडताना

सुट्टीला भारतात जाऊन आलेली मंडळी एखाद्या कार्यक्रमात भेटली, की हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं : "आमचा वाडा बिल्डरला दिला." मग चहाबरोबर फोटो फिरतात. ओसरी अर्धीच आलेली, खांब वर जाताना एकमेकांकडे झुकलेले, माडीचं कोरीव काम कापलेलं. यात दोष फोटो काढणाऱ्याचा नसतो. चौक लहान, मागे सरकायला जागा नाही, म्हणून कॅमेरा वर उचलावा लागतो; आणि तो उचलला की उभ्या रेषा तिरक्या होणारच. कॉम्प्युटरवर त्या सरळ करता येतात, पण कडा कापल्या जातात आणि वरचा भाग ताणला जाऊन नेमकी नक्षीच विरळ होते.

यावरचा जुना आणि पक्का उपाय म्हणजे टेक्निकल कॅमेरा. पुढे भिंग, मागे सेन्सर असलेली डिजिटल बॅक आणि मधे एक पातळ, अचूक चौकट, एवढाच त्याचा संसार. कॅमेरा पाणसळीत ठेवायचा आणि भिंग किंवा बॅक काही मिलिमीटर वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवायची. याला शिफ्ट म्हणतात. खांब सरळ राहतात आणि माडीही चित्रात येते.

एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारलं तर आम्ही नाराकडे बोट दाखवू. तिथल्या होर्यूजी मंदिरातल्या भित्तिचित्रांची तुलना नेहमी आपल्या अजिंठ्याशी केली जाते. १९३५ साली क्योतोच्या बेनरिदो या छापखान्याने त्या बारा भिंतींचे तुकड्या-तुकड्याने, मूळ आकारात, काचेच्या प्लेटांवर फोटो घेतले. २६ जानेवारी १९४९ च्या आगीत मूळ चित्रं होरपळून गेली. पुढे १९६०च्या दशकात त्यांच्या प्रतिकृती रंगवल्या गेल्या, त्या याच फोटोंच्या आधाराने. २०१५ मध्ये त्या काचांनाच राष्ट्राचा महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून मान मिळाला. आपला वाडा म्हणजे होर्यूजी नव्हे, मान्य. पण तोही एकदाच पडतो.

आता निवडीकडे. बहुतेक जण आधी कॅमेऱ्याची चौकट पसंत करतात. आमचं म्हणणं, आधी भिंग आणि बॅक यांची पत्रिका जुळवा. प्रत्येक भिंग मागे एक गोल प्रतिमा पाडतं. सेन्सर त्या गोलात बसून वर जेवढी जागा उरेल, तेवढीच शिफ्ट मिळते. रोडेनस्टॉकच्या २३ मिलिमीटर भिंगाचा गोल ७० मिलिमीटरचा, तर ३२ मिलिमीटरचा ९०. फेज वनच्या १५ कोटी पिक्सेलच्या बॅकचा सेन्सर सुमारे ५३ बाय ४० मिलिमीटर. आडव्या चित्रात २३ च्या भिंगावर शिफ्ट मिळते जेमतेम अडीच मिलिमीटर. ३२ च्या भिंगावर सुमारे १६. बॅक ४४ बाय ३३ ची घेतली, तर २३ च्या भिंगावरही १० मिलिमीटरच्या वर हात मिळतो आणि दृष्टीचा कोन ८७ अंशांच्या आसपास राहतो. अरुंद चौकासाठी ही जोडी मोठ्या सेन्सरपेक्षा उपयोगी ठरू शकते. हॅसलब्लाडची २०२४ साली आलेली सीएफव्ही १००सी ही बॅक याच मापाची आहे.

दुसरी गोष्ट रंगांची. अति रुंद भिंगातून कडेला येणारा प्रकाश तिरका पडतो. जुन्या सेन्सरांवर त्यामुळे एक कड गुलाबी, दुसरी हिरवट दिसते. शिफ्ट केल्यावर जास्तच. प्रत्येक फोटोनंतर भिंगापुढे पांढरी अर्धपारदर्शक पाटी धरून आणखी एक फोटो घ्यायचा आणि त्यावरून सॉफ्टवेअरने सुधारणा करायची, हा त्यावरचा इलाज. वर सांगितलेल्या दोन्ही नव्या बॅकांमध्ये हा त्रास खूप कमी आहे.

तिसरं फोकस. इथे ऑटोफोकसचे लाड नाहीत. भिंगापासून सेन्सरपर्यंतचं अंतर केसभर चुकलं तरी चित्र मऊ येतं. म्हणूनच अल्पासारख्या कॅमेऱ्यात बॅकच्या अडॅप्टरमध्ये अतिशय पातळ चकत्या घालून ते अंतर जुळवतात. स्क्रीनवर थेट चित्र दाखवणारी बॅक असेल तर निम्मी चिंता मिटते. नसेल तर लेसरने अंतर मोजायचं यंत्र जवळ हवंच.

चौथं शटर. जुनी भिंगं बहुधा कोपाल या जपानी शटरमध्ये बसवलेली असतात आणि ती शटरं आता तयार होत नाहीत. दुकानात एक सेकंद, अर्धा सेकंद असे मंद वेग कान देऊन तपासा. नव्या बॅकांमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर असतं, ते स्थिर वास्तूला उत्तम. मात्र ट्यूबलाइट चालू असेल तर चित्रावर पट्टे येऊ शकतात. ती बंद करून खिडकीचा उजेड घ्यावा.

एवढं ठरलं की चौकट निवडणं सोपं जातं. अल्पा टीसी लहान आणि सुबक, पण त्यात शिफ्टच नाही, म्हणजे आपल्या कामाची नाही. कॅम्बोच्या सहकार्याने बनलेल्या फेज वन एक्सटीत दोन्ही दिशांना १२ मिलिमीटर शिफ्ट मिळते. आर्का-स्विसच्या आरएम३डीआयमध्ये भिंग किंचित कलवायचीही सोय आहे. हॉर्समनची एसडब्ल्यू-डी २ प्रो ही अस्सल जपानी चौकट, आता फक्त सेकंडहँड मिळते. घेताना तुमच्या बॅकची आणि भिंगाची अडॅप्टर पाटी सोबत आहे ना, हे आधी पाहा.

शिंजुकू किंवा नाकानोच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत वस्तूच्या चिठ्ठीवरचे दोन शब्द वाचायला शिका : 'काबी' म्हणजे बुरशी आणि 'कुमोरी' म्हणजे धूसरपणा. इथला 'त्सुयु' काय किंवा कोकणातला आषाढ काय, भिंगाला दोन्ही सारखेच वैरी. ओलावा रोखणारं 'बोशित्सुको' कपाट घरात नसेल, तर त्याचा खर्चही हिशेबात धरा.

आणि खर्चाचं सांगायचं तर, मोठ्या सेन्सरचा पूर्ण नवा संच चांगल्या मोटारीच्या किमतीत जातो. एका वाड्यासाठी तो विकत घ्यावा असं आम्ही कुणालाही सांगणार नाही. भाड्याने मिळत असेल तर आठवडाभर घ्या, आणि निघण्याआधी इथल्याच एखाद्या जुन्या लाकडी घरावर हात बसवा. याहून सुटसुटीत मार्ग म्हणजे फुजीफिल्मचा जीएफएक्स कॅमेरा आणि २०२३ साली आलेलं ३० मिलिमीटरचं टिल्ट-शिफ्ट भिंग. त्यात १५ मिलिमीटर शिफ्ट मिळते, बॅक-पाटी-चकत्यांची भानगड नाही. कोन मात्र ७२ अंशांचा. अगदी अरुंद बोळात तो कमी पडेल.

म्हणून तिकीट काढण्याआधी गावाकडे फोन करून चौकाची लांबी-रुंदी आणि माडीची उंची टेपने मोजून मागवा. कुठलं भिंग लागेल, हे त्या तीन आकड्यांवरून कळतं. फोटो काढताना प्रत्येक भिंतीजवळ मोजपट्टी ठेवा, कागदावर वाड्याचा नकाशा काढून कुठला फोटो कुठून घेतला ते लिहा, आणि एक प्रत भावकीतल्या कुणाकडे तरी ठेवा. त्यातली कुठली तुळई, कुठलं देवघर पुढे कुणाला शोधावंसं वाटेल, हे आज आपल्याला ठरवता येत नाही.