इगतपुरीची थंडी आणि विजेचं बिल: घर उबदार ठेवायला नेमका किती खर्च येतो?

थंडीची लाट आली की नाशिक जिल्ह्यातून पहिली बातमी येते ती निफाडची. पण कसारा घाट चढून वर आल्यावर लागणाऱ्या इगतपुरीतही डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सोप्या नसतात. इथे प्रश्न फक्त बाहेरच्या तापमानाचा नाही, घराच्या आतल्या गारठ्याचा आहे. हीटर लावला तर बिल वाढतं आणि खोलीत शेगडी ठेवली तर जिवाला धोका असतो. मग कमी खर्चात, सुरक्षितपणे ऊब कशी मिळवायची?

इगतपुरीत घरं एवढी गार का पडतात?

इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडे, थंड वारे येतात. आकाश निरभ्र असल्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री वेगाने उष्णता गमावते. पहाटे पारा सर्वांत खाली जातो तो त्यामुळेच.

दुसरं कारण घरांच्या बांधणीत आहे. इथली घरं प्रामुख्याने पावसाला तोंड द्यायला बांधलेली असतात. कौलारू छपरात फटी असतात आणि गरम हवा वर जाऊन तिथूनच निसटते. पत्र्याचं छप्पर तर सूर्य मावळल्यावर काही वेळातच गार होतं. तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर कारवीच्या कुडाला माती-शेणाचा लेप देतात. तो लेप सुकून तडकला की त्यातून वारा आत येतो.

घरात किती तापमान असावं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, थंड हवामानात घरातलं तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावं. वृद्ध, तान्ही बाळं आणि दमा किंवा हृदयविकार असलेल्यांसाठी याहून थोडी जास्त ऊब लागू शकते. गारठ्यात रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि श्वसनाचे त्रास बळावतात. त्यामुळे 'थोडी थंडी सोसायची' हा सल्ला घरातल्या प्रत्येकाला लागू पडत नाही.

हीटर लावला तर बिल किती वाढतं?

हिशेब सोपा आहे. १००० वॉटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट वीज लागते. म्हणजे २००० वॉटचा रूम हीटर रोज तीन तास सलग चालला, तर दिवसाला ६ आणि महिन्याला १८० युनिट.

खरी मेख महावितरणच्या टप्प्यांमध्ये आहे. घरगुती वापराचे ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि ५००च्या वर असे टप्पे आहेत. पहिल्या टप्प्याच्या तुलनेत दुसऱ्या टप्प्यात युनिटमागे जवळपास दुप्पट पैसे मोजावे लागतात. एखाद्या घराचा वापर महिन्याला ९० युनिट असेल, तर हीटरमुळे तो २७० वर जातो. यातले १०० युनिट स्वस्त दराने आणि उरलेले १७० महाग दराने मोजले जातात. त्यावर १६ टक्के वीज शुल्क वेगळं. म्हणून युनिट तिप्पट झाले, तरी बिलाची रक्कम तिपटीहून जास्त होते.

'कमी वीज खाणारा' हीटर खरंच असतो का?

ऑइल हीटर असो, फॅन हीटर असो की हॅलोजन, एका युनिटमधून मिळणारी एकूण उष्णता सारखीच असते. फरक आहे तो ती उष्णता कुठे जाते यात. फॅन हीटर खोलीतली हवा तापवतो आणि फटी असलेल्या घरात ती हवा टिकत नाही. हॅलोजन किंवा क्वार्ट्झ हीटर थेट समोरच्या माणसाला ऊब देतो. त्यामुळे एकट्या माणसासाठी ४०० वॉटची एक पट्टीही पुरू शकते. अपवाद हॉट अँड कोल्ड एसीचा. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, म्हणून एका युनिटमध्ये दोन-तीन पट ऊब देतो. पण तो विकत घेण्याचा खर्च मोठा असतो.

खोली तापवायची की माणूस?

बचतीचं उत्तर या प्रश्नात आहे. विजेचा ढोबळ हिशेब असा:

- २००० वॉटचा हीटर, तीन तास: ६ युनिट
- ४०० वॉटची क्वार्ट्झ पट्टी, तीन तास: १.२ युनिट
- १०० वॉटचं इलेक्ट्रिक ब्लँकेट, झोपण्यापूर्वी एक तास: ०.१ युनिट
- गरम पाण्याच्या पिशवीसाठी दोन लिटर पाणी तापवणं: सुमारे ०.१२ युनिट

गोधडी आणि घोंगडीला तर वीजच लागत नाही. गोधडीच्या जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये हवा अडकते आणि तीच अंगाची ऊब धरून ठेवते. घोंगडीची लोकर थोडा ओलावा शोषूनही ऊबदार राहते. जमिनीवर झोपणाऱ्यांनी अंगावर आणखी एक पांघरूण घेण्याआधी खाली जाड अंथरूण घालावं, कारण गार फरशी सतत अंगातली उष्णता ओढत असते. भाताचं पीक घेणाऱ्या या तालुक्यात अंथरुणाखाली कोरडा पेंढा हाही स्वस्त उपाय आहे. मात्र तो शेकोटी, चूल आणि हीटरपासून लांब हवा.

घरासाठीही कमी खर्चाचे उपाय आहेत. दारा-खिडक्यांच्या फटींना पट्टी लावावी, दाराखाली जुन्या कापडाची गुंडाळी ठेवावी, जाड पडदे लावावेत. दक्षिणेकडच्या खिडक्या दिवसा उघडून ऊन आत घ्यावं आणि सूर्य मावळण्याआधी बंद कराव्यात. पत्र्याच्या घरात छताखाली थोडं अंतर ठेवून थर्माकोल किंवा प्लायचं आच्छादन केलं की फरक जाणवतो. थर्माकोल लवकर पेट घेतो, म्हणून चुलीच्या वर तो लावू नये.

अंघोळीच्या पाण्याचं काय?

२० लिटरची एक बादली १८ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत तापवायला अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज लागते. चार जणांच्या घरात महिन्याला साधारण ६७ युनिट. गीझर दिवसभर सुरू ठेवला तर त्यात भर पडते. म्हणून सगळ्यांनी पाठोपाठ अंघोळ करणं आणि मग गीझर बंद करणं फायद्याचं.

जिवावर बेतणाऱ्या चुका कोणत्या?

बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा पेटती घमेली ठेवून झोपणं ही सर्वांत घातक चूक आहे. अर्धवट जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. गॅस गीझरमुळे बंद बाथरूममध्ये मृत्यू झाल्याच्या घटना महाराष्ट्रात घडल्या आहेत. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ जाणवली तर आधी मोकळ्या हवेत जावं. शेकोटी अंगणातच बरी, आणि निखारे विझवूनच आत यावं.

विजेच्या बाबतीत, २००० वॉटचा हीटर जवळपास ९ अँपिअर प्रवाह ओढतो. तो नेहमीच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला किंवा एक्स्टेंशन बोर्डला जोडला तर वायर तापून आग लागू शकते. त्यासाठी १६ अँपिअरचं, अर्थिंग असलेलं सॉकेटच हवं. पाणी तापवायचा रॉड वापरताना प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नये आणि बादली लोखंडी नसावी.

मग पैसे आधी कुठे खर्च करावेत?

आधी फटी बुजवाव्यात, मग अंथरूण-पांघरूण सुधारावं आणि हीटर शेवटी घ्यावा. घरात आजारी माणूस, वृद्ध किंवा तान्हं बाळ असेल, तर एकच लहान खोली निवडून सगळ्यांनी तिथे झोपावं आणि हीटर झोपण्याआधी तासभर लावावा. एक तासाप्रमाणे महिन्याचे ६० युनिट होतात, म्हणजे तीन तासांच्या वापराच्या एक तृतीयांश.