एक्स्प्लेनर : लैंगिकतेबद्दल लिहिलं, दाखवलं की ते अश्लील ठरतं का? र. धों. कर्वेंपासून वेब सिरीजपर्यंत कोर्टांनी काय सांगितलं?

पालघर : पाम, बोईसर किंवा तारापूरमधल्या एखाद्या मुला-मुलीला शरीराबद्दल प्रश्न पडला, तर आज मोबाइलवर सर्च केलं जातं. नव्वद वर्षांपूर्वी वाचक असेच प्रश्न पत्रातून एका मराठी मासिकाला विचारत होते. उत्तरं छापल्याबद्दल संपादकाला थेट कोर्टात उभं राहावं लागलं.

नेमकं प्रकरण काय होतं?

र. धों. कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं. संततिनियमन, लैंगिक आरोग्य हे त्याचे विषय. 1931 मध्ये एका लेखावरून त्यांना 100 रुपये दंड झाला. 1934 मध्ये हस्तमैथुन आणि समलैंगिकतेवरच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

लैंगिक विषयावरचं प्रत्येक लिखाण अश्लील मानता येणार नाही आणि वाचक विचारत असतील तर उत्तर द्यायलाच हवं, असा आंबेडकरांचा मुद्दा होता. तरीही कर्वे यांना 200 रुपये दंड झाला. मासिक मात्र त्यांनी 1953 मध्ये मृत्यू होईपर्यंत चालवलं.

पुढे काय बदललं?

> 1969 : ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकातल्या कथेवरून लेखक चंद्रकांत काकोडकर यांना हायकोर्टानं दोषी ठरवलं होतं. सुप्रीम कोर्टानं ती शिक्षा रद्द केली. लैंगिक संबंधांचा नुसता उल्लेख म्हणजे अश्लीलता नाही, असं कोर्टानं म्हटलं.

> 2014 : अविक सरकार प्रकरणात, सुटा भाग न पाहता संपूर्ण संदर्भ आणि आजच्या समाजाचे निकष पाहा, असा निकाल.

> 2024 : ‘कॉलेज रोमान्स’ वेब सिरीजच्या प्रकरणात, शिवराळ भाषा आपोआप अश्लील ठरत नाही, असं सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं.

मोबाइलवर कोणते नियम लागू?

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 नुसार अश्लील मजकूर ऑनलाइन टाकणं किंवा पुढे पाठवणं गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उघड लैंगिक कृती दाखवणाऱ्या मजकुरासाठी कलम 67अ नुसार 5 वर्षं आणि 10 लाखांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ हे कारण चालत नाही. लहान मुलांच्या बाबतीत असा मजकूर शोधणं, डाउनलोड करणंही गुन्हा आहे.

मग माहिती देणाऱ्या लेख-व्हिडिओंचं काय?

विज्ञान, साहित्य, कला किंवा शिक्षणासाठी लोकहिताचा ठरणारा मजकूर या कलमांतून वगळला आहे. कर्वे यांच्या वाचकांचे प्रश्न आज कुणी डॉक्टर व्हिडिओतून समजावून सांगत असेल, तर त्याला या तरतुदीचा आधार आहे. कुणाची खासगी क्लिप परवानगीशिवाय पसरवणाऱ्याला मात्र तो नाही. अशी क्लिप तुमच्याकडे आली, तर पुढे पाठवू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा.