सॅन डिएगोहून : पाकिटामागे पंचवीस सेंट

इथे कॅलिफोर्नियात सिगारेटच्या एका पाकिटावर राज्य सरकार २ डॉलर ८७ सेंट कर घेते. तंबाखूवर कर आपल्याकडेही आहे. पण गोळा झालेला पैसा पुढे कुठे जातो, ते बघण्यासारखे आहे.

कॅलिफोर्नियात पुरेशा मतदारांच्या सह्या जमल्या की कायद्याचा मसुदा थेट लोकांच्या मतदानाला जातो. नोव्हेंबर १९८८ मध्ये असाच प्रश्न आला: पाकिटामागे २५ सेंट कर वाढवायचा का? तंबाखू कंपन्यांनी विरोधात पाण्यासारखा पैसा ओतला, तरी लोकांनी ‘प्रपोझिशन ९९’ मंजूर केले. नव्या कराचा पाचवा हिस्सा तंबाखूविरोधी शिक्षणालाच, हे त्या कायद्यातच लिहिले होते. त्या पैशातून टीव्हीवर जाहिराती आल्या, शाळांत कार्यक्रम झाले आणि ५८ काउंट्या, म्हणजे इथले जिल्हे, आपापला आराखडा करू लागल्या. १९९२ मध्ये गव्हर्नर पीट विल्सन यांनी जाहिराती थांबवल्या, तेव्हा अमेरिकन लंग असोसिएशन कोर्टात गेली आणि जिंकली. कायद्यात लिहिले नसते, तर कशाच्या जोरावर भांडली असती?

१९८८ मध्ये शंभरात सुमारे २४ प्रौढ सिगारेट ओढत. आता दहाहून कमी. मात्र ओढणारे घटले की करही घटतो आणि कामाचा पैसा आटतो. म्हणून २०१६ मध्ये पुन्हा मतदान होऊन कर २ डॉलरनी वाढला.

आपल्याकडे हे जसेच्या तसे चालणार नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले शंभरातले २४ प्रौढ बिनधुराची तंबाखू घेत होते. माझी आजी पहाटे चुलीवर तव्यात तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि मग कितीतरी वेळ तिचे बोट हिरडीवरून फिरत असायचे. ‘मिश्री लावल्याशिवाय काम सुचत नाही,’ म्हणायची. सिगारेटचे पाकीट तिने हातातही धरले नव्हते. तिच्यापर्यंत पोचायचे तर गावच्या आशा स्वयंसेविकांनी चुलीपाशी बसून बोलायला हवे, आणि त्या वेळेचे पैसे त्यांना मिळायला हवेत. शिवाय आपल्या सोलापुरात हजारो बायांचे पोट विड्या वळण्यावर आहे. त्यांच्या दुसऱ्या कामाची तरतूद नसलेला आराखडा मला तरी अपुरा वाटतो.

राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७-०८ पासून आहे. यंदा आपल्या जिल्ह्याला त्यातून किती आले आणि कशावर खर्च झाले, हे येत्या ग्रामसभेत विचारा. आणि घरात कुणाला तंबाखू सोडायची असेल, तर १८००-११-२३५६ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. फोन फुकट आहे.