डोणगावच्या परसातील खुडूक कोंबडी

डोणगाव हे बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील, मेहकरहून वाशीम जिल्ह्यातील मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव असून, त्याच्या शिवारातील शेती मुख्यतः पावसाच्या भरवशावरची, सोयाबीन, तूर, कापूस आणि हरभरा यांची आहे. अशा गावात कोंबडीची नोंद शेतीचा जोडधंदा म्हणून होत असली, तरी प्रत्यक्षात ती बहुधा घरातील बाईच्या हातची मिळकत असते. कारण तिच्यासाठी वेगळी जागा लागत नाही, कर्ज काढावे लागत नाही, आणि कोठ्यात सांडलेले दाणे, उकिरड्यातील किडे व मळणीनंतर उरलेल्या कुटारातील बारीक धान्य यांवर तिचे बरेचसे पोट भरते. पशुसंवर्धनाच्या भाषेत यालाच परसातील कुक्कुटपालन म्हणतात. हा प्रकार मागे पडत चालला आहे असा सर्वसाधारण समज आहे, पण २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील सुमारे ८५ कोटी कोंबड्या-बदकांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातील निघाल्या, आणि आधीच्या, म्हणजे २०१२ च्या, गणनेपेक्षा त्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेली होती.

देशी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते आणि तिचे अंडे ४० ग्रॅमच्या आसपास भरते, तर पिंजऱ्यातील व्यापारी जातीची कोंबडी वर्षाला ३०० च्या पुढे अंडी देते. या तुलनेवरून देशी कोंबडी कुचकामी ठरवण्याची घाई पुष्कळदा केली जाते. परंतु ही तुलना अंडी विकणाऱ्याची आहे, कोंबड्या वाढवणाऱ्याची नव्हे. देशी कोंबडी १२ ते १५ अंडी घातल्यावर खुडूक होते, म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबवण्यासाठी बैठक मारते, आणि त्यापुढची पिलांची जोपासना धरली तर तिचे दोन-तीन महिने अंड्यांवाचून जातात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढू लागले की तिच्यात हा बदल घडतो: पोटाखालची पिसे विरळ होतात, तेथील कातडी उष्ण आणि रक्ताने भरलेली बनते, भूक कमी होते, आणि जवळ जाणाऱ्यावर ती पिसे फुलवून धावून जाते. व्यापारी जाती तयार करताना नेमका हाच स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या निवडीने काढून टाकण्यात आला, कारण खुडूक कोंबडी म्हणजे बंद पडलेली अंडी. परसात मात्र हाच दोष भांडवल ठरतो. विजेवाचून चालणारे उबवणी यंत्र, पिलांची दाई आणि राखण ही तिन्ही कामे एकच पक्षी करतो.

कोंबडी रोज अंडे घालत नाही, आणि घालते त्या दिवसांतही दोन अंड्यांमध्ये चोवीस तासांहून थोडा अधिक वेळ जातो. त्यामुळे बारा-तेरा अंडी जमेपर्यंत दोन-तीन आठवडे उलटतात आणि पहिले अंडे शेवटच्यापेक्षा तितकेच शिळे झालेले असते. तरीही सगळी पिले जवळजवळ एकाच दिवशी बाहेर पडतात, कारण फलित अंड्यातील जीव थंडाव्यात वाढ थांबवून स्वस्थ राहू शकतो आणि कोंबडी बसल्यावर सर्व अंड्यांची वाढ एकदमच सुरू होते. हा थंडावा सुमारे २० अंश सेल्सिअसच्या खालचा असावा लागतो, आणि वऱ्हाडात खरी अडचण येथेच आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो तेव्हा घरात ठेवलेल्या अंड्यातील जीव कोंबडीची वाट न पाहता वाढू लागतो, पण पुरेशी व सारखी ऊब न मिळाल्याने अर्ध्यातच मरतो. उन्हाळ्यातील अंडी पाण्याच्या रांजणाशेजारी, गार वाळूत किंवा धान्याच्या टोपलीत ठेवण्याच्या रीतीला म्हणूनच शास्त्राचा पूर्ण आधार आहे. जाणत्या बाया दिवाळीनंतर होळीपर्यंतच्या काळात कोंबडी बसवणे पसंत करतात. पावसाळ्यात मेघगर्जनेने अंडी बिघडतात या समजुतीपोटी अनेक खेड्यांत त्यांच्याजवळ लोखंडाचा खिळा किंवा कोळसा ठेवतात. गर्जनेचा दोष सिद्ध झालेला नाही, मात्र त्या दिवसांतील दमट हवा आणि भिजलेले अंथरूण अंड्यांना खरोखरच मारक असते.

बसवण्यासाठी पसरट टोपलीत कुटार किंवा राखमिश्रित माती घालून मध्ये किंचित खोलगट भाग करतात, आणि ती टोपली अंधाऱ्या, माणसांच्या व कुत्र्या-मांजरांच्या वर्दळीपासून दूर असलेल्या कोपऱ्यात ठेवतात. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते आणि अंड्याला त्यातून सुमारे साडेसदतीस अंशांची ऊब मिळते. यंत्रातही हेच तापमान राखावे लागते. कोंबडी दिवसातून अनेकदा चोचीने अंडी फिरवते, कडेची आत आणि आतली कडेला आणते, त्यामुळे ऊब सर्वांना मिळते आणि वाढणारा जीव कवचाच्या आतील पापुद्र्याला चिकटत नाही. दाणा-पाणी आणि विष्ठा यांसाठी ती दिवसातून एकदा, सहसा अर्ध्या तासाहून कमी वेळ, उठते. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात अंडे विजेरीसमोर धरले असता फलित अंड्यात लाल शिरांचे जाळे दिसते, तर वांझ अंडे नुसते पिवळसर, स्वच्छ राहते. अशी अंडी तेव्हाच काढून घेतली तर ती पुढे सडून फुटण्याचा आणि बाकीची बाटण्याचा धोका टळतो.

एकविसाव्या दिवशी पिलू चोचीच्या टोकावरील एका तात्पुरत्या कठीण उंचवट्याने कवच टोचते. त्याआधीच त्याचा चिवचिवाट कवचातून ऐकू येतो आणि कोंबडी त्याला हलक्या आवाजात उत्तर देते. उरलेला बलक बाहेर पडण्यापूर्वी पिलाच्या पोटात ओढला गेलेला असतो, त्या शिदोरीवर ते दोन दिवस दाण्यावाचून तग धरते. एका दिवसाची पिले खोक्यांतून दूरच्या गावी पाठवण्याचा सगळा व्यापार याच शिदोरीवर उभा आहे. बसवलेल्या डझनभर अंड्यांतून नऊ-दहा पिले निघाली तर बैठक चांगली साधली असे मानायला हरकत नाही.

खरी गळती त्यानंतर होते. घार, शिक्रा, मुंगूस, बोका आणि साप यांच्या तोंडून वाचून दीड-दोन महिन्यांची होणारी पिले पुष्कळदा निम्मीही नसतात, आणि हा तोटा अंड्यांच्या कमी संख्येपेक्षा कितीतरी मोठा असूनही त्याची चर्चा कमी होते. पहिले काही आठवडे पिलांना आईसह डालग्याखाली ठेवणे, तेथेच ज्वारीची भरड आणि पसरट भांड्यात पाणी देणे, आणि रात्री जमिनीपासून उंच, जाळीबंद खुराड्यात कोंडणे, एवढ्या व्यवस्थेनेही ही गळती बरीच घटते.

रोगांमध्ये सर्वांत घातक राणीखेत, ज्याला ग्रामीण भागात मानमोडी म्हणतात, कारण त्यात पक्ष्याची मान वाकडी होते. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात कुमाऊँमधील राणीखेत येथे त्याची नोंद झाल्यामुळे भारतात त्याला ते नाव पडले. इतरत्र इंग्लंडमधील न्यूकॅसल शहराच्या नावाने तो ओळखला जातो. हा रोग विषाणूचा असल्याने त्यावर औषध नाही, पण पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देण्याची लस आणि साधारण आठव्या आठवड्यात टोचण्याची दुसरी लस यांनी तो रोखता येतो. अडचण लशीच्या बाटलीची आहे. नेहमीची बाटली शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते, ती थंडाव्यात ठेवावी लागते आणि पाण्यात कालवल्यावर तास-दोन तासांतच संपवावी लागते. आठ-दहा कोंबड्या असलेल्या घराला ती एकट्याने घेणे परवडत नाही. म्हणून लसीकरण घराघराने नव्हे, तर आळीने मिळून एकाच संध्याकाळी, पक्षी खुराड्यात परतल्यावर, करावे लागते, आणि हे जुळवून आणणे हा पशुवैद्यकापेक्षा बचत गटाचाच प्रश्न अधिक आहे.

देशी पक्ष्याला पर्याय म्हणून बेंगळूरुचा गिरिराज आणि हैदराबादच्या संशोधन संस्थेने तयार केलेले वनराज व ग्रामप्रिया हे सुधारित पक्षी गेली काही दशके खेड्यांत दिले जात आहेत. महाराष्ट्रात पशुसंवर्धन विभागाच्या योजनेतून ५० टक्के अनुदानावर एका दिवसाची १०० पिले, किंवा २५ तलंगा आणि ३ नर असा गट दिला जातो; तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. हे पक्षी वजनाने भारी असतात आणि अंडीही देशीच्या दुपटीहून जास्त देतात, पण ते क्वचितच खुडूक होतात. शिवाय वनराज, ग्रामप्रिया यांसारखे पक्षी निरनिराळ्या वाणांच्या संकरातून तयार झालेले असल्याने त्यांच्या अंड्यांतून निघणारी पुढची पिढी आईबापांच्या बरोबरीची निघत नाही. परिणामी पहिला गट म्हातारा झाला, विकला गेला किंवा रोगाला बळी पडला, की नवी पिले पुन्हा बाहेरून आणावी लागतात, आणि अनुदान एकदाच मिळालेले असते.

यावर पुष्कळ घरांनी काढलेला मार्ग कोणत्याही योजनेत लिहिलेला नाही: सुधारित पक्ष्यांची फलित अंडी देशी खुडूक कोंबडीखाली बसवली जातात. तिला आपले-परके अंडे ओळखता येत नाही, आणि निघालेल्या पिलांना ती पोटच्यासारखीच राखते. त्यासाठी एखादीच कोंबडी नेमून, इतरांची खुडूक त्यांना गार पाण्यात बुचकळून किंवा नाकपुडीतून पीस घालून मोडली जाते. यांपैकी पीस घालण्याचा उपाय निष्ठुर आहे, आणि कोंबडीला चार-पाच दिवस उजेडाच्या, तळाला जाळी असलेल्या मोकळ्या पिंजऱ्यात ठेवल्याने तेच साधते. मात्र सुधारित पक्ष्याचे अंडे देशीपेक्षा बरेच मोठे असल्याने लहान चणीच्या देशी कोंबडीखाली बाराऐवजी आठ-नऊच बसवावी लागतात. त्याहून जास्त ठेवली तर कडेची अंडी पंखांबाहेर राहतात, आणि ती रोज आलटून-पालटून आत-बाहेर होत असल्याने नुकसान एक-दोन अंड्यांवर न थांबता सगळ्याच बैठकीला पोचते.