जीकेच्या पुस्तकातले आपले शेजारी

मोबाइल बाजूला ठेवा. गुगल नाही, एआय नाही, शेजारच्याला कोपराने ढोसणंही नाही. पाच प्रश्न आहेत, प्रत्येकाला दहा सेकंद.

१. रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर कोण?
२. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून कुणाला निवडलं?
३. रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळालेले पहिले भारतीय कोण?
४. स्वतंत्र भारताचे पहिले अर्थमंत्री कोण?
५. श्याम बेनेगल यांचा ‘अंतर्नाद’ हा सिनेमा कोणत्या चळवळीवर बेतलेला होता?

पहिल्या आणि चौथ्या प्रश्नाला ‘सी. डी. देशमुख’ असं उत्तर ठोकून दिलं असेल, तर दोन मार्क गेले. स्पर्धा परीक्षेत हा सापळा हमखास लागतो. सगळी उत्तरं शेवटी आहेत, पण आत्ता खाली पळू नका. कारण या पाच प्रश्नांच्या मागे, नाहीतर अगदी जवळपास, तीन माणसं उभी आहेत. आणि तिघांचाही पत्ता दिवा-रोहा मेमूच्या शेवटच्या टप्प्यात सापडतो. पेण सुटलं की कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. एवढ्याशा पट्ट्यात तीन मॅगसेसे!

आपण त्यांना ओळखतो का? हो, एका ओळीपुरतं. ‘विनोबा भावे – भूदान’, ‘सी. डी. देशमुख – पहिले भारतीय गव्हर्नर’, ‘पांडुरंगशास्त्री आठवले – स्वाध्याय’. जोड्या जुळवा, मार्क घ्या, पुढे चला. पण ही माणसं तुमच्या वयाची होती तेव्हा काय करत होती, हे वाचलं तर त्या एका ओळीत न मावणारं बरंच काही हाती लागतं.

सुरतला उतरलेला मुलगा

विनायक नरहरी भावे. जन्म ११ सप्टेंबर १८९५, पेण तालुक्यातलं गागोदे. पवनार आणि वर्धा ही नावं विनोबांशी इतकी चिकटली आहेत की जन्मगाव विचारलं तर पेणची पोरंसुद्धा चुकतात. लहानपण गागोद्याला आजोबांच्या घरी गेलं. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला होते, त्यामुळे पुढचं शिक्षण तिकडे झालं. गणित आवडीचं, वाचन अफाट.

मार्च १९१६. वीस वर्षांचा विनायक इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघाला. गाडीत बसला खरा, पण मुंबईला पोहोचलाच नाही. मध्येच सुरतला उतरला, गाडी बदलली आणि काशीची वाट धरली. तिथून काही आठवड्यांनी गांधीजींच्या कोचरब आश्रमात. परीक्षा राहिली ती राहिलीच. त्याआधी एक दिवस घरी चुलीपाशी बसून त्याने आपली सर्टिफिकेटं जाळली होती. आईने साहजिकच विचारलं, पुढेमागे लागतील, राहू देत की! आता लागणार नाहीत, असं मुलाचं म्हणणं.

थांबा. हे वाचून घरी मार्कशीट पेटवायला जाऊ नका! एक तर डुप्लिकेट काढायला विद्यापीठात किती खेटे घालावे लागतात हे सीनियर्सना विचारा. दुसरं म्हणजे, विनोबांनी परीक्षा सोडली, अभ्यास नाही. ते आयुष्यभर भाषा शिकत राहिले. आईला संस्कृत येत नव्हतं, तिला गीता मराठीत हवी होती. ती इच्छा त्यांनी ‘गीताई’ लिहून पुरी केली. ७ ऑक्टोबर १९३० ला सुरुवात, ६ फेब्रुवारी १९३१ ला शेवट. आई मात्र १९१८ मध्येच गेली होती. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली. ती लिहून घेणारा कैदी कोण, माहीत आहे? साने गुरुजी.

पहिला आलेला मुलगा

आता त्याच मार्च १९१६ मध्ये दुसरा वीस वर्षांचा मुलगा कुठे होता ते बघा. केंब्रिजमध्ये.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख. जन्म १४ जानेवारी १८९६, महाडजवळचं नाते. म्हणजे विनोबांपेक्षा फक्त चार महिन्यांनी लहान. वडील वकील, कुटुंबाची जमीन रोह्याला, लहानपणीची बरीच वर्षं तिथेच गेली. १९१२ च्या मॅट्रिकला चिंतामण मुंबई विद्यापीठात पहिला आला आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने पटकावली. मग केंब्रिजचं जीझस कॉलेज. विषय कोणते? वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. अर्थशास्त्र नव्हे! देशाची तिजोरी ज्याने पुढे सांभाळली, तो बॉटनीचं बक्षीस मिळवलेला विद्यार्थी होता. ‘माझी साइड चुकली’ म्हणून रात्री जागणाऱ्यांनी हे कुठेतरी लिहून ठेवावं. १९१८ मध्ये लंडनला आयसीएसची परीक्षा दिली आणि तिथेही पहिला.

एकाने परीक्षेला पाठ दाखवली, दुसऱ्याने प्रत्येक परीक्षा जिंकली. कोण बरोबर? घाई करू नका. आधी पुढे काय झालं ते पाहू.

चिंतामणराव मध्य प्रांतात अधिकारी झाले, १९३१ च्या गोलमेज परिषदेच्या कामात होते, आणि ११ ऑगस्ट १९४३ ला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. या खुर्चीवर बसणारे तिसरे, पण पहिले भारतीय. तेव्हाची नोट डोळ्यांसमोर आणा. चित्र इंग्लंडच्या सहाव्या जॉर्ज राजाचं आणि सही रोह्याच्या देशमुखांची! १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला ज्या परिषदेत जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी जन्माला घालायचं ठरलं, तिथल्या भारतीय शिष्टमंडळातही ते होते. १ जानेवारी १९४९ ला रिझर्व्ह बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं ते त्यांच्याच कारकिर्दीत.

दोघांचं एकच वर्ष

१९५१ साल. तेलंगणात जमिनीवरून रक्त सांडत होतं. १८ एप्रिलला विनोबा पोचमपल्लीत होते. गावातल्या भूमिहीन दलित कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी सहज गावकऱ्यांना विचारलं, तुमच्यापैकी कुणी देईल का? रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि म्हणाले, शंभर एकर देतो. भूदानाची सुरुवात ही अशी, एका प्रश्नातून झाली. मग विनोबा चालतच राहिले, वर्षानुवर्षं.

त्याच वर्षी दिल्लीत पहिल्या पंचवार्षिक योजनेचा मसुदा तयार झाला होता. विनोबांनी त्यावर टीका केली. पंडित नेहरूंनी त्यांना चर्चेसाठी दिल्लीला बोलावलं. विनोबा गेले, पण विमानाने नाही, गाडीनेही नाही. पवनारहून पायी निघाले आणि दोन महिन्यांनी राजघाटावर पोहोचले. तिथे नियोजन आयोगाच्या सदस्यांशी त्यांचं बोलणं झालं. आणि या आयोगाचे एक सदस्य, शिवाय देशाचे अर्थमंत्री तेव्हा कोण होते? आपले चिंतामणराव.

म्हणजे देशाच्या संपत्तीचं काय करायचं, या चर्चेच्या एका बाजूला गागोद्याचा माणूस होता आणि दुसऱ्या बाजूच्या आयोगात रोह्याचा. एक दारोदार जाऊन जमीन मागत होता. दुसऱ्याकडे बजेट आणि कायदा होता. इम्पिरियल बँकेची स्टेट बँक १९५५ मध्ये झाली, आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण १९५६ मध्ये झालं, ही दोन्ही कामं देशमुख अर्थमंत्री असतानाची. तुमच्या घरातली एलआयसीची पॉलिसी आणि तुमचं स्टेट बँकेतलं स्कॉलरशिपचं खातं, दोन्हींचा धागा तिथपर्यंत जातो.

आणि मग जुलै १९५६. हे देशमुख १९५२ मध्ये लोकसभेवर निवडून आले होते ते कुलाबा मतदारसंघातून. (आपला जिल्हा तेव्हा कुलाबा होता; ‘रायगड’ हे नाव १९८१ चं.) मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं सरकारने ठरवलं. आंदोलकांवर गोळीबार झाले, चौकशीची मागणी मान्य झाली नाही. देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. चाळीस वर्षांपूर्वी सर्टिफिकेटं चुलीत घालणाऱ्या मुलाची आठवण इथे येते. परीक्षेत कधीही न हरलेला माणूससुद्धा वेळ आल्यावर मोठ्यातली मोठी खुर्ची सोडू शकला.

पुढची वर्षं त्यांनी तुमच्या-माझ्या क्षेत्राला दिली. १९५६ ते १९६१ विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे अध्यक्ष, आणि मग दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. मधल्या वेळात कालिदासाचं ‘मेघदूत’ मराठीत आणलं आणि गांधीजींची वचनं संस्कृत श्लोकांत बांधली. रोह्याच्या ज्या कॉलेजच्या नावात ‘डॉ. सी. डी. देशमुख’ आहे, तिथल्या मुलांनो, आयकार्डावरचं हे नाव एकदा नीट वाचा.

मॅगसेसे पुरस्कार १९५८ मध्ये पहिल्यांदा दिला गेला. त्या वर्षी विनोबा. पुढच्याच वर्षी देशमुख. आणि शेवटचा योगायोग तर चटका लावणारा आहे. देशमुख गेले २ ऑक्टोबर १९८२ ला, विनोबा १५ नोव्हेंबर १९८२ ला. चार महिन्यांच्या अंतराने आलेले दोघं दीड महिन्याच्या अंतराने गेले.

रोह्याचे ‘दादा’

या दोघांनंतर पाव शतकाने, १९ ऑक्टोबर १९२० ला रोह्यात पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. त्यांची वाट तिसरीच. शिक्षण पारंपरिक, संस्कृत पाठशाळेच्या वळणाचं. पण मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून पाश्चात्त्य तत्त्वज्ञानही वाचून काढलेलं. १९५४ मध्ये जपानमधल्या तत्त्वज्ञ परिषदेत बोलून आले आणि मग गावोगाव स्वाध्यायाचं काम उभं राहिलं.

यातली एक कल्पना कोकणातल्या मुलांना लगेच कळेल. ‘मत्स्यगंधा’ म्हणजे मच्छीमार वस्तीची सामायिक होडी. माणसं आळीपाळीने तिच्यावर जातात, मजुरी घेत नाहीत, आणि येणारं उत्पन्न गरजूंना जातं. शेतात हेच केलं की ‘योगेश्वर कृषी’. विनोबांनी जमीन मागितली, पांडुरंगशास्त्रींनी माणसाचा एखादा दिवस मागितला. १९९६ मध्ये मॅगसेसे, १९९७ मध्ये टेम्पलटन पुरस्कार, १९९९ मध्ये पद्मविभूषण.

गाइडमध्ये नसलेली ओळ

जीकेच्या गाइडमध्ये फक्त ‘पहिले’ असतात. पहिला गव्हर्नर, पहिला सत्याग्रही, पहिला अमुक. जे जमलं नाही त्याला तिथे रकाना नसतो. म्हणून हेही वाचा. १९६९ मध्ये देशमुख राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले आणि व्ही. व्ही. गिरी व नीलम संजीव रेड्डी यांच्यामागे तिसरे आले. आयुष्यभर पहिला नंबर आणि शेवटच्या मोठ्या परीक्षेत तिसरा! भूदानात चाळीस लाख एकरांहून जास्त जमीन मिळाली, पण त्यातली बरीच नापीक निघाली आणि बरीच भूमिहीनांपर्यंत पोहोचलीच नाही. आणीबाणीच्या काळातल्या ‘अनुशासन पर्व’ या शब्दांवरून विनोबांवर टीकाही झाली.

यामुळे ही माणसं लहान होतात का? उलट, ती जवळची वाटतात. परीक्षेत पहिलं येणं किंवा परीक्षा सोडणं, यातलं काहीच पुरेसं नव्हतं. दोघांनाही त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षं काम करावं लागलं, आणि त्या कामातही काही गोष्टी हातातून निसटल्या. एमपीएससीचा तिसरा अटेम्प्ट देणाऱ्या मित्राला आणि पहिल्याच अटेम्प्टला निघालेल्या मैत्रिणीला, दोघांनाही हे सांगायला हरकत नाही.

शेवटी एक काम. आपल्याकडे प्रत्येक रस्त्याला, वाचनालयाला, सभागृहाला कुणाचं तरी नाव आहे आणि आपण त्याखालून रोज जातो. या आठवड्यात असं एक नाव निवडा. ते वीस वर्षांचे असताना काय करत होते, ते शोधा. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, गावातल्या ग्रंथपालांना विचारा. गुगल अगदी शेवटी. पेणची मंडळी असाल तर एका रविवारी गागोद्याला जाऊन या. गणपतीच्या कारखान्यांपुरतं आणि पोह्याच्या पापडांपुरतं पेण सांगणाऱ्या पाहुण्यांनाही बरोबर न्या.

उत्तरं

१. सर ऑस्बोर्न स्मिथ. (देशमुख हे पहिले *भारतीय* गव्हर्नर.)
२. विनोबा भावे, १७ ऑक्टोबर १९४०. दुसरे पंडित नेहरू.
३. विनोबा भावे, १९५८.
४. आर. के. षण्मुखम चेट्टी. दुसरे जॉन मथाई, तिसरे सी. डी. देशमुख.
५. स्वाध्याय. सिनेमा १९९१ चा.

बोनस : एकाच वर्षी पद्मविभूषण मिळालेलं जोडपं कोणतं? सी. डी. देशमुख आणि दुर्गाबाई देशमुख, १९७५. या दुर्गाबाई संविधान सभेच्या सदस्य होत्या. त्या वीस वर्षांच्या असताना काय करत होत्या? हे मात्र तुम्हीच शोधायचं.