रोज एक पान

प्रतिभेची वाट पाहत बसणाऱ्याची वही कोरीच राहते. फलटणच्या बेबीताई कांबळे चौथीपर्यंत शिकलेल्या. संसार व किराणा दुकान सांभाळून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या दुकानातच लिहीत. घरच्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून वह्या लपवीत. सुमारे २० वर्षे दडून राहिलेले ते आत्मकथन १९८६ साली ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तकरूपात आले.

विद्यार्थी मित्रहो, वेळ मिळत नसतो, तो काढावा लागतो. एका खोलीच्या घरात निवांतपणा कुठला? म्हणून नळाला पाणी येण्याआधीचा किंवा सर्व झोपल्यानंतरचा अर्धा तास ठरवावा व तो मोडू नये. तारीख घालून एकच पान लिहावे. विषय सुचत नसेल तर ट्रॉम्बे कोळीवाड्यात कानी पडलेले बोलणे, बसच्या रांगेतले भांडण, आजीने सांगितलेली गावाकडची हकीकत जशीच्या तशी उतरवावी. खाडाखोड त्याच दिवशी नको. आठवड्याने वाचले म्हणजे चुका आपोआप दिसतात. एखादा दिवस चुकल्यास दुसऱ्या दिवशी दोन पानांचा हट्ट धरू नये, नाहीतर वहीचे ओझे वाटू लागते.

वर्षाकाठी तीनशेवर पाने होतील. त्यांतली तीस जरी टिकली, तरी ती आपल्या वस्तीची, आपल्या माणसांची असतील. ती दुसरा कोण लिहिणार?