ऋण काढून बचत

महिन्याचा खर्च पगारात आरामात भागतोय, चार पैसे शिल्लकही पडतायत, आणि तरीही एखादा माणूस वाणसामान, पेट्रोल, रेल्वेचा पास सगळं मुद्दाम उधारीवर घेतो. बिल आलं की कमीत कमी रक्कम भरतो, बाकीचं देणं तसंच ठेवतो. आपल्या घरात अशा माणसाला वडीलधाऱ्यांनी समोर बसवून चांगलंच सुनावलं असतं. ब्रिटनमध्ये मात्र या उद्योगाला स्वतंत्र नाव आहे: स्टूझिंग. ‘स्टूझ’ हे कुणा एकाचं टोपणनाव होतं, त्यावरून क्रियापदच तयार झालं.

युक्तीचं मूळ ब्रिटिश बँकांच्या एका सवयीत आहे. नवं गिऱ्हाईक ओढण्यासाठी त्या शून्य टक्के व्याजाचं क्रेडिट कार्ड देतात. आपल्या कार्डासारखे पन्नासेक दिवस नव्हे, तर वर्षभर, दीड वर्ष, कधी त्याहूनही जास्त. या काळात दर महिन्याला किमान रक्कम भरत राहिलात की उरलेल्या थकबाकीवर एक पेनीही व्याज लागत नाही. बँकेचा हिशोब असा की बहुतेकांच्या हातून पैसे खर्च होऊन जातील, मुदत संपेल तेव्हा देणं शिल्लक असेल आणि मग वर्षाला २०–२५ टक्क्यांनी व्याज सुरू होईल. स्टूझिंग करणारा माणूस या हिशोबात बसत नाही, एवढीच त्याची सगळी कमाई.

आता आकडे घेऊ. कार्डाची मर्यादा ६,००० पौंड, शून्य टक्क्यांची मुदत १८ महिने, घरखर्च महिना १,००० पौंड. खर्च सगळा कार्डावर टाकायचा आणि पगारातले तेच १,००० पौंड बचत खात्यात ठेवायचे. सहा महिन्यांत कार्ड भरतं आणि खात्यात जवळपास तेवढीच रक्कम जमते. हे पैसे एकदम येत नाहीत, हळूहळू साठतात, म्हणून पहिल्या सहा महिन्यांत सरासरी शिल्लक ३,००० धरावी लागते. बचतीवर ४ टक्के दर असेल तर या अर्धवर्षाचे ६० पौंड. पुढचे बारा महिने पूर्ण ६,००० पडून राहतात, त्यांचे २४०. एकूण ३०० पौंड.

मधल्या काळात किमान रक्कम भरावी लागतेच. पण समजा ६० पौंड भरले, तर कार्डावर तेवढी जागा मोकळी होते आणि पुढच्या आठवड्याची भाजी त्या जागेत बसते. त्यामुळे थकबाकी ६,०००च्या आसपासच राहते. अठराव्या महिन्यात बचत खातं रिकामं करून कार्ड फेडायचं. दीड वर्षाच्या टाचणटिपणाची मजुरी ३०० पौंड! मला ती फार वाटत नाही. पण हिशोबाची आवड असलेल्यांना त्यातली गंमतही मोजता येते.

पैसे एकदम हवे असतील तर दुसरा रस्ता आहे. काही कार्डं शून्य टक्क्यांवर रोख रक्कम थेट तुमच्या बँक खात्यात जमा करतात. पण त्यावर शुल्क लागतं. ते ४ टक्के असेल तर ६,००० पौंडांवर पहिल्याच दिवशी २४० गेले, म्हणजे ४ टक्के व्याजाचं पहिलं अख्खं वर्ष शुल्क भरून काढण्यातच जातं. नफा त्यानंतर. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बिनशुल्काची अशी कार्डं सहज मिळायची, तो या उद्योगाचा सुकाळ. पुढे बँका शहाण्या झाल्या आणि शुल्क आलं.

आणि हे शुल्क टाळलं तरी व्याजदराचं काय? बँक ऑफ इंग्लंडचा मूळ दर २००७च्या जुलैत ५.७५ टक्के होता. मार्च २००९मध्ये तो ०.५ टक्क्यावर आला आणि मार्च २०२०मध्ये ०.१वर. बचत खात्यावर अर्धा टक्का मिळत असेल तर ६,००० पौंडांचे वर्षाला ३० पौंड होतात. तेवढ्यासाठी कोण तारखा सांभाळत बसणार? हा खेळ दहा-बारा वर्षं जवळजवळ बंदच पडला. ऑगस्ट २०२३पर्यंत मूळ दर ५.२५वर चढला तशी लोकांना जुनी वही पुन्हा आठवली. वर्षभराने तो उतरू लागला आणि नफाही त्याच्यामागून उतरला.

कराचाही भाग आहे. एप्रिल २०१६पासून ब्रिटनमध्ये मूळ दराने कर भरणाऱ्याला वर्षाला १,००० पौंडांपर्यंतच्या बचत-व्याजावर कर नाही; वरच्या, म्हणजे ४० टक्क्यांच्या पायरीवरच्याला ही सवलत ५०० पौंडांचीच. ज्याची स्वतःची बचत आधीच मोठी आहे, त्याच्या या उसन्या पैशांच्या व्याजाला कात्री लागू शकते. म्हणून काही जण ही रक्कम ‘ऑफसेट’ गृहकर्जाला जोडलेल्या खात्यात ठेवतात. तिथे व्याज मिळत नाही, पण तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. आपल्याकडच्या ओव्हरड्राफ्ट पद्धतीच्या गृहकर्जासारखंच. न मिळालेल्या व्याजावर कर कसला लावणार?

फसायच्या जागा बहुतेक तारखांच्या आहेत. एक हप्ता चुकला की साधारण १२ पौंड दंड, वर शून्य टक्क्यांची सवलत काढून घेण्याचा बँकेला हक्क. २४.९ टक्क्यांनी ६,००० पौंडांचं महिन्याचं व्याज सुमारे १२५ पौंड होतं. अडीच महिन्यांत दीड वर्षाची सगळी कमाई साफ. अर्थात ज्याने पैसे खरोखरच बाजूला ठेवलेत तो त्याच आठवड्यात कार्ड फेडून मोकळा होईल. मात्र चुकलेल्या हप्त्याची नोंद पतअहवालात सहा वर्षं राहते. शिवाय भरलेलं कार्ड हे बँकांच्या नजरेत कर्जच. तुमच्या बचत खात्यातली शिल्लक पतअहवालात दिसत नाही. घर घ्यायचं असेल तर त्याआधी काही महिने हा उद्योग आवरता घेतलेला बरा. कार्डावरून एटीएममधून रोख काढली तर तिला सहसा शून्य टक्के लागूच नसतात. बचतीचे पैसे वर्षाच्या ठेवीत अडकवून कार्डाची मुदत त्याआधी संपली, असंही लोक करून बसतात.

इंग्लंडात नोकरीला असलेल्या भाचीने हे सगळं फोनवर समजावलं, तेव्हा मी लगेच कागद-पेन्सिल घेऊन आपल्याकडचा हिशोब मांडला. इथे कार्डावर महिनाभर खरेदी, मग बिल, मग वीसेक दिवसांनी भरणा. महिनाभर खर्च सारखा होत असेल तर सरासरी ३५ दिवस पैसे बिनव्याजी वापरायला मिळतात. महिन्याला ४०,००० रुपये खर्च आणि बचत खात्यावर ३ टक्के व्याज धरलं, तर दर महिन्याला सुमारे ११५ रुपये. वर्षाला १,४००च्या आत-बाहेर. ‘नो-कॉस्ट ईएमआय’ला तर मी या हिशोबात धरलंच नाही. त्यात बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट देऊन ते झाकतो, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बहुधा गिऱ्हाइकाच्या बिलात येतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, असं रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बँकांना सुनावलं होतं.

उलट बाजू अशी. आपल्याकडे बिल पूर्ण भरलं नाही तर खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. ४०,०००चे साडेतीन टक्के म्हणजे एका महिन्याचे १,४०० रुपये, वर जीएसटी. एवढंच नाही, नव्या खरेदीलाही मग बिनव्याजी दिवस मिळत नाहीत.

दोन्ही देशांत कार्डाचं बिल खात्यातून आपोआप वळतं करण्याचा अर्ज असतो आणि त्यात दोन चौकटी असतात: किमान रक्कम आणि पूर्ण रक्कम. भाचीने तिथे पहिल्या चौकटीत खूण केली आहे. मी इथे दुसरीत.